आईला घेऊन काशीला निघालेय. मणिकर्णिका 'बघायला' जावं का?

सांगलीची लेक

नमस्कार मंडळी. माझी आजी गेली तेव्हा तिच्या तोंडात गंगा घालायला आमच्या घरात गंगाजलाचा बंद गडू नव्हता. शेजारच्या काकूंनी धावत जाऊन त्यांच्या देवघरातला आणला, वडिलांनी पक्कडीने त्याचं तोंड उघडलं आणि दोन थेंब घातले. याला सोळा वर्षं झाली. "काशीस जावे, नित्य वदावे" असं आजी रोज आंघोळीच्या वेळी म्हणायची, पण तिचं जाणं काही झालं नाही. आता आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिला काशीला जाऊन स्वतःच्या हाताने गडू भरून आणायचाय. काकूंचा गडू परत करायचा राहिलाय, असं ती अजून म्हणते.

मी तिच्यासोबत जातेय. माझी देवधर्माची ओढ आईइतकी नाही, पण ते शहर मला मनापासून बघायचंय. घाट, गल्ल्या, विणकरांची वस्ती, सारनाथ, पहाटेची नदी. म्हणजे आई यात्रेला चाललीय आणि मी प्रवासाला. दिवस तीनच आहेत. आईचा उजवा गुडघा दुखतो, सपाटीवर ती चालते पण चढउतार फार झेपत नाही. कांदा-लसूण खात नाही. बँकेतली रजा सध्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिळतेय.

राहायचं कुठे, विश्वनाथाचं दर्शन आईला झेपेल का, स्नान कुठे घालावं, हे सगळं विचारायचंच आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे. एका यात्रा कंपनीने कार्यक्रमाचा कागद पाठवला. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी "नौकाविहार व मणिकर्णिका दर्शन" असं लिहिलंय. मणिकर्णिका म्हणजे तिथला स्मशानघाट. वाचून मला कसंतरी झालं. कुणाचं तरी माणूस तिथे जळत असणार आणि मी होडीत बसून ते बघायला जायचं? माझ्या ऑफिसमधल्या एकांनी तिथल्या चितांचे फोटो स्टेटसला ठेवले होते, ते मला बघवले नव्हते. दुसरीकडे असंही वाटतं, काशीला जाऊन मणिकर्णिकेकडे पाठ फिरवली तर काशी बघितली असं कसं म्हणायचं? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

रुळावरचा

ताई, मी तारखेबद्दल आणि गाडीबद्दल बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा शक्य असेल तर टाळाच. त्या दिवसांत उत्तरेत दाट धुकं असतं. गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिराने पोचतात, विमानंही रद्द होतात. तुमच्या तीन दिवसांतला एक दिवस प्लॅटफॉर्मवर जाईल. त्यातून वर्षअखेरीला विश्वनाथाच्या रांगेत पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत प्रयागचा माघमेळा सुरू होतो आणि तिथे आलेली माणसं काशीलाही येतात. श्रावणात कावडियांची गर्दी असते, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की घाट बुडतात, होड्या बंद होतात. एप्रिल ते जून आईंना उन्हात काढायचा नाही. राहिले नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर कार्तिकी पौर्णिमा होऊन जाऊ द्या. त्या रात्री देवदिवाळी असते, सगळ्या घाटांवर दिवे लागतात, दृश्य डोळ्यांत साठवण्यासारखं असतं, पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने त्या गर्दीत उतरू नये. फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा सोडून बघा.

पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेस आहे, आठवड्यातून एकदाच, ती बनारस स्टेशनला जाते. हे म्हणजे जुनं मंडुवाडीह, २०२१ मध्ये नाव बदललं. मुंबईहून महानगरी रोज आहे. ती रात्री बारानंतर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख नीट वाचा. बारा तारखेचं तिकीट म्हणजे अकराच्या रात्री स्टेशनवर हजर. दरवर्षी कुणी ना कुणी यात गाडी चुकवतं. मुगलसराय, म्हणजे आता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, हे नदीच्या पलीकडे आहे. काही गाड्या तिथेच थांबतात. तिकडून येणारी गाडी मालवीय पुलावरून गंगा ओलांडते. पूल १८८७ चा. त्या वेळी आईंना डाव्या खिडकीशी बसवा. घाटांची अख्खी कमान एका नजरेत दिसते.

कृष्णाकाठ

मी वाईची, निवृत्त शिक्षिका. आमच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात आणि मी कृष्णेच्या घाटावर लहानाची मोठी झाले, त्यामुळे काशी म्हणजे मोठी वाई असेल अशी माझी समजूत होती. २०१९ च्या फेब्रुवारीत सासूबाईंना घेऊन गेले. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पुन्हा २०२२ च्या नोव्हेंबरात मी आणि माझी बहीण गेलो. तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी राहण्याचं. विश्वनाथाजवळच्या गल्लीत खोली घेऊ नकोस, कितीही जवळ वाटली तरी. त्या गल्ल्यांत रिक्षा येत नाही, गोदौलियापासून दशाश्वमेधकडचा रस्ता गर्दीच्या वेळी वाहनांना बंद असतो, आणि बहुतेक जुन्या घरांचे जिने उभे आणि अरुंद. आम्ही अस्सीच्या बाजूला तळमजल्यावरची खोली घेतली होती. ई-रिक्षा दारात यायची. अस्सी घाट मोकळा आहे, पहाटे तिथे आरती आणि गाणंबजावणं असतं. सासूबाई शाल पांघरून एका पायरीवर बसायच्या आणि तिथूनच सूर्य उगवताना बघायच्या. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते, घाट सगळे पश्चिम काठावर, त्यामुळे सूर्य बरोबर समोरच्या वाळूमागून वर येतो. पलीकडच्या काठावर वस्ती दिसत नाही. पहिल्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "पलीकडे काहीच कसं नाही गं?" मला उत्तर देता आलं नाही.

स्नानासाठी आम्ही पलीकडेच गेलो. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि खालची पायरी किती खोल आहे ते पाण्यात दिसत नाही. होडीवाले "उस पार" नेतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तिथे वाळूचा उतार असतो, पायऱ्या नाहीत. सासूबाई गुडघाभर पाण्यात बसल्या आणि मी तांब्याने त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. कपडे बदलायला कापडी आडोसे असतात. होडी मात्र हातवल्ह्याची घे आणि तिचे पैसे बसण्याआधी ठरव, किती वेळ आणि कुठपर्यंत हेही.

विश्वनाथाचं सांगते. फोन, स्मार्टवॉच, पेन, पर्स सगळं खोलीवर ठेव. आत काहीच नेऊ देत नाहीत आणि बाहेरचे दुकानदार लॉकर देतो म्हणून प्रसादाचं ताट गळ्यात घालतात. २०१९ ला आम्ही जुन्या गल्लीतून गेलो होतो, सासूबाईंना अक्षरशः दोघींनी धरून न्यावं लागलं. २०२२ ला गेले तेव्हा नवीन प्रशस्त आवार झालं होतं (१३ डिसेंबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं), नदीकडून थेट वर येता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी चाकांची खुर्चीही मिळते, दारावर विचारायची. सोय झाली हे खरंच. पण जुन्या गल्लीतली ती घरं, त्यांच्या ओट्यांवरची छोटी देवळं डोळ्यांसमोर होती आणि ती आता तिथे नव्हती, याचं मला वाईट वाटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिते. आत्ताचं देऊळ अहिल्यादेवी होळकरांनी १७८० मध्ये बांधून पूर्ण केलं. आवारात त्यांचा पुतळा आहे, आईंना मुद्दाम दाखव. सासूबाई गाभाऱ्यापाशी आल्या तेव्हा काही मागायचं सोडून "अहिल्याबाई, तुमच्यामुळे" एवढंच पुटपुटल्या होत्या.

काशीत आपल्या माणसांचा हात किती ठिकाणी लागलाय ते तुला चालताना कळेल. तुझी आवड बघून सांगते, आई दुपारी झोपतील तेव्हा तू एकटी घाटाघाटाने चाल. अस्सीजवळ भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. पुढे तुळशीघाट, मग दाक्षिणात्य वळणाचा केदारघाट, राणामहल, दरभंगा, मग अहिल्याबाई घाट आणि दशाश्वमेध. त्याच्या पलीकडे मानमंदिर, वर सवाई जयसिंगांची वेधशाळा. मणिकर्णिका ओलांडली की शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला तो घाट इतका जड झाला की खचला. शेजारी रत्नेश्वराचं देऊळ कललेलं आहे, वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट. अस्सीहून पंचगंगेपर्यंत संथ चाललीस तर अडीच-तीन तास लागतील. मी एका दमात केलं नाही, दोन दिवसांत केलं.

तुझ्या आई एकनाथी भागवत वाचतात का? सासूबाई दर चातुर्मासात वाचायच्या. नाथांनी ते पैठणला सुरू केलं आणि पूर्ण केलं काशीत, १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला. हे त्यांना तोंडपाठ होतं. गंगेच्या काठी बसून त्यांनी अकराव्या स्कंधाचा शेवटचा अध्याय म्हटला. मी त्यांना इतकी स्वस्थ पुन्हा कधी पाहिली नाही.

काशीला काहीतरी आवडीचं सोडायचं असतं. आईंनी काय सोडायचं हे आधीच ठरवून ठेवा, तिथे घाईत ठरवू नका. सासूबाईंनी सीताफळ सोडलं. आमच्या परसात सीताफळाचं झाड आहे. त्या असेपर्यंत दर दिवाळीच्या आधी फळं शेजारच्या मुलांना जायची आणि त्या ओसरीवर बसून वाटायच्या.

आता मणिकर्णिका. आमचा होडीवाला न विचारताच तिथे घेऊन गेला आणि वल्हं थांबवून उभा राहिला. पाच-सहा चिता पेटलेल्या होत्या. काठावर लाकडाच्या राशी, धूर, बकऱ्या, कुत्री. सासूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, मग तोंड नदीच्या दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि होडीवाल्याला म्हणाल्या, "भैया, आगे चलो." मला वाटतं तेवढं पुरे. होडीतून जाता जाता, लांबून, हात जोडून. फोटो नाही, थांबायचं नाही. माझं मत विचारशील तर जा.

गिरगावकर

मी सहसा लिहीत नाही. 'कृष्णाकाठ' यांच्या शेवटच्या परिच्छेदामुळे लिहितोय.

माझे काका शेवटची चार वर्षं काशीत राहिले. तिथेच जायचं, हा त्यांचा हट्ट होता. २०१७ मध्ये ते गेले आणि मी विमानाने पोचलो. तिरडी गल्ल्यांमधून चालत नेली. मणिकर्णिकेला लाकूड मोठ्या तराजूवर तोलून देतात. मी तिथे उभा राहून काकांच्या वजनाला किती मण लागेल याचा हिशेब ऐकत होतो. देह गंगेत बुडवून पायऱ्यांवर ठेवला, पाणी निथळायची वाट पाहिली. विस्तव बाहेरून आणायचा नसतो, डोम मंडळींकडे, म्हणजे तिथे दहनाचं काम करणाऱ्यांकडे, जो अग्नी अखंड जपलेला आहे त्यातून घ्यायचा असतो. तो गवताच्या पेंढीत घेऊन मी चितेभोवती फिरलो.

त्या वेळी समोर पाण्यात तीन होड्या उभ्या होत्या. प्रत्येकीत पंधरा-वीस माणसं. फोन वर. एका होडीतला वाटाड्या मोठ्याने समजावून सांगत होता, आत्ता काय चाललंय, पुढे काय होणार, कवटी कधी फुटते. काकांचे पाय लाकडांबाहेर आलेले होते. मला ते झाकावेसे वाटत होते आणि झाकता येत नव्हते.

कुणी फोटो काढले असतील, कुणी फक्त हात जोडले असतील. मला काठावरून त्यातला फरक दिसला नाही. मला फक्त होडी थांबलेली दिसली.

ताई, तुम्हाला तो कागद वाचून जे वाटलं ते बरोबर आहे. त्यातली ती ओळ काढून टाकायला सांगा. जाऊ नका.

कृष्णाकाठ

दादा, तुमचं तीनदा वाचलं. आमची होडी थांबली होती. सासूबाईंनी "आगे चलो" म्हणेपर्यंत, दोन मिनिटं असेल, पण थांबली होती आणि ती थांबू नये हे मला सुचलं नव्हतं. होडीतून बघणाऱ्याला वाटतं आपण लांब आहोत. काठावरच्या माणसाला आपण कसे दिसतो हे मी आजवर मनात आणलं नव्हतं.

लेकी, वर लिहिलेलं मी बदलते. मणिकर्णिकेसाठी म्हणून होडी करू नकोस. शिंदे घाटाकडे जायचंच असेल तर होडीवाल्याला आधी सांग, प्रवाहाच्या मध्यातून पलीकडच्या बाजूने ने, आणि वल्हं थांबवू नकोस.

सांगलीची लेक

गिरगावकर दादा, तुम्ही हे लिहिलंत, मनापासून आभार. यात्रा कंपनीला फोन केला, त्यांना सांगितलं आम्ही आमचं आम्ही जाऊ. रजाही नोव्हेंबरच्या शेवटी मागून घेतलीय.

पण आता एक नवीनच अडचण आलीय. आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, "बाकी ठीक आहे, पण मणिकर्णिकेचं स्नान तर करावं लागेल." मी तिला म्हटलं, अगं ते स्मशान आहे. ती म्हणाली, ते तीर्थ आहे. आता यात खरं काय?

ब्रह्माघाट

आईंचं खरं आहे. मी काशीचाच. आमचे पूर्वज काही पिढ्यांमागे कोकणातून इथे आले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात अजून बरीच मराठी घरं आहेत, गणपतीही बसतात. माझ्या मराठीत हिंदी डोकावते, चालवून घ्या.

मणिकर्णिका आधी तीर्थ आहे. घाटावर चक्रपुष्करिणी नावाचं कुंड आहे. विष्णूने चक्राने ते खणलं आणि शंकराच्या कानातलं रत्नजडित कुंडल त्यात पडलं म्हणून मणिकर्णिका, अशी कथा आहे. काशीची पंचतीर्थी करतात तेव्हा अस्सी, दशाश्वमेध, वरुणेच्या संगमावरचं आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका असा क्रम असतो. माध्यान्हीचं मणिकर्णिका स्नान जुन्या लोकांना फार महत्त्वाचं. म्हणून आईंसाठी 'मणिकर्णिका दर्शन' हा शब्द चुकीचा नाही. तोच शब्द यात्रा कंपनीच्या कागदावर नौकाविहाराला जोडून आला, तिथे तो चुकला.

आम्ही मणिकर्णिकेच्या मागच्या गल्लीतून लहानपणी शाळेत जायचो. "राम नाम सत्य है" ऐकू आलं की दप्तर पोटाशी धरून भिंतीला पाठ लावायची, तिरडी जाऊ द्यायची, मग पुढे. आमच्यापासून मरण कुणी लपवलं नाही. त्यामुळे मी असं म्हणणार नाही की बघणंच पाप. गिरगावकरांनी जे सोसलं ते मी अनेक घरांच्या बाबतीत पाहिलंय, आणि त्या होड्यांबद्दल आम्हाला इथे राहून जास्तच संताप येतो. पण चालत येणारा माणूस, ज्याच्या हातात काही नाही, जो क्षणभर हात जोडून बाजूला उभा राहतो आणि निघून जातो, त्याला आजवर कुणी हटकलेलं मी पाहिलं नाही.

आईंना आणायचं असेल तर असं करा. पायऱ्या उतरवू नका. तिथल्या पाण्यात गुडघ्याच्या माणसाने जाऊ नये, राख आणि चिखल असतो. वरून कुंडापर्यंत या, कुंडाच्या कडेला आईंना उभं करा, तुम्ही किंवा गुरुजींनी पाणी आणून त्यांच्या डोक्यावर शिंपडावं. मार्जन केलं तरी स्नान घडतं. फोन बंद करून पिशवीत ठेवा, बंद म्हणजे बंद. चितांच्या बाजूला जाऊ नका. कुणीतरी तुम्हाला गाठेल, "इथे वरून चांगलं दिसतं, चला" म्हणेल, मग गरिबांच्या लाकडासाठी दान मागेल, रक्कमही तोच सांगेल. त्याच्या मागे जाऊ नका. 'नहीं भैया' म्हणा आणि चालत राहा, थांबून समजावत बसू नका. इथल्या घरांतल्या बायका शक्यतो दहनाला येत नाहीत, पण कुंडावर आलेल्या बाईला कुणी काही म्हणत नाही.

पाण्याबद्दल एक सांगतो. आई आचमन करतील, त्यांना अडवू नका, पण ओठांना लावण्यापुरतं असू दे, गिळू नये. हे श्रद्धेच्या आड येत नाही. तुळशीघाटावर संकटमोचन हनुमान मंदिराचे महंत होते वीरभद्र मिश्र. बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकी शिकवायचे आणि रोज पहाटे गंगेत स्नानही करायचे. १९८२ मध्ये त्यांनीच स्वच्छ गंगेची मोहीम उभारली आणि पुढे पाणी तपासायला घाटावर प्रयोगशाळाही काढली. मी त्यांना लहानपणापासून पाहिलं. पाण्यात उतरताना त्यांचे हात जोडलेले असत, आणि तेच पाणी पिण्यालायक नाही हे तेच सगळ्यांना सांगत. २०१३ मध्ये ते गेले.

जेवणाची काळजी नको. देवळांजवळ 'बिना प्याज-लहसुन' सहज मिळतं. नोव्हेंबरच्या शेवटी थंडी पडली असेल तर सकाळी मलइयो खा. दुधाच्या फेसाचं असतं, केशराचं, उन्हं चढली की विरतं, म्हणून नऊच्या आत. साडी घेणार असाल तर रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात घेऊ नका. उलटी बाजू बघा. कढुआ विणकामात बुट्टी एकेक करून विणतात, मागे कापलेले धागे दिसत नाहीत. सारनाथ इथून दहा-एक किलोमीटर, अर्धा दिवस द्या. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष ज्या संग्रहालयात आहे ते शुक्रवारी बंद असतं.

गिरगावकर

'ब्रह्माघाट' यांनी सांगितलेलं कुंड मला त्या दिवशी दिसलंसुद्धा नव्हतं. आईंना तिथे जरूर न्या. माझं म्हणणं होड्यांपुरतं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

सांगलीची लेक

ठरलं. पहिल्या दिवशी अस्सी, संध्याकाळी आरती पायरीवर बसून. दुसऱ्या दिवशी पहाटे उस पार स्नान, मग विश्वनाथ, अन्नपूर्णा, आणि ऊन उतरल्यावर वरच्या वाटेने मणिकर्णिका कुंड. तिसऱ्या दिवशी मी सारनाथला, आई खोलीवर पोथी घेऊन. आई काय सोडणार ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

'ब्रह्माघाट' दादा, एक राहिलं. गडू तिथे भरलेले, डाग देऊन तोंड बंद केलेले विकत मिळतात असं ऐकलं. आईला स्वतः भरायचे आहेत. दोन हवेत. एक आमच्या देवघरासाठी, एक शेजारच्या काकूंचा. काकू आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. परत आल्यावर मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, घालणार आहोत, तेव्हा तो त्यांच्या हातात द्यायचाय. आमचं परतीचं विमान आहे, त्यात चालेल का?

ब्रह्माघाट

चालेल. पहिल्याच दिवशी ठठेरी बाजारातून रिकामे तांब्याचे गडू घ्या, तोंड लहान असलेले. उस पार जाल तेव्हा बरोबर न्या आणि होडी मध्यावर असताना भरून घ्या, तिथलं पाणी काठापेक्षा नितळ असतं. आईंना होडीत वाकू देऊ नका. तुम्ही तांब्याने पाणी काढा, गडूत त्या ओततील. काठोकाठ नको, बोटभर जागा ठेवा. मग त्याच बाजारात डाग देऊन घ्या. देणारा समोरच देतो, पंधरा मिनिटांचं काम. डाग दिल्यावर गडू रात्रभर कागदावर आडवा ठेवून बघा, ओल दिसली तर सकाळी परत न्यायला वेळ राहतो. म्हणून हे काम दुसऱ्या दिवशीच उरका, तिसऱ्यावर ठेवू नका. विमानात जवळच्या पिशवीत नेऊ देतीलच असं नाही, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून द्या. काकूंच्या गडूला दोरा बांधा, म्हणजे कुठला कुणाचा ते कळेल.